कॅम्पर व्हॅनमध्ये अंथरूण-पांघरूण कमी जागेत कसं ठेवायचं? संपूर्ण माहिती

फोनवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण काय करतो? काही फाइल्स डिलीट करतो, काही झिप करतो आणि बाकीच्या क्लाउडवर टाकतो. कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणात किंवा गोव्याला निघालात तर पहिल्याच दिवशी असाच मेसेज गाडी देते. कपडे, गॅस, भांडी सगळं मावतं, पण अंथरूण-पांघरूण मावत नाही. आजच्या लेखात आपण पाहणार आहोत की ही जागा नेमकी कशाने जाते, ती कशी वाचवायची आणि जागा वाचवताना अंथरुणाला बुरशी येऊ नये म्हणून काय करायचं.

आधी मोजा, मग भरा

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण ऐकलेली आहे. गाडीत ती उलटी लागू होते, खोका पाहून अंथरूण घ्यावं.

आमच्या छोट्या व्हॅनमध्ये बाकड्याखाली एक खोका आहे. लांबी १२० सेंमी, रुंदी ५० सेंमी आणि उंची ३५ सेंमी. गुणाकार करून १००० ने भागलं की लिटर मिळतात, म्हणजे २१० लिटर. मग मी दोन माणसांचं सामान घडी घालून मोजलं:

- दोन जाड रजया: प्रत्येकी ७५ लिटर, एकूण १५० लिटर
- दोन उश्या: प्रत्येकी ३९ लिटर, एकूण ७८ लिटर
- दोन गोधड्या: एकूण साधारण २५ लिटर

बेरीज झाली २५३ लिटर, आणि यात गादी धरलेलीच नाही. म्हणजे काहीतरी कमी करायलाच हवं.

मोजण्यासाठी आयफोनमध्ये 'मेजर' अ‍ॅप असतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याने माप घेणारी अ‍ॅप्स मिळतात. पण कॅमेऱ्याच्या मापात एखाद-दोन सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, त्यामुळे शेवटचं माप टेपनेच घ्या.

पायरी १: झिप करण्याआधी डिलीट करा

सगळ्यात जास्त जागा दाबून नाही, कमी सामान नेऊन वाचते.

उशी: रिकामा अभ्रा न्या आणि रात्री त्यात उद्याचे कपडे किंवा जॅकेट भरा. कपडे तर आपण नेणारच असतो, त्यामुळे ७८ लिटर थेट वाचतात. मानेचा त्रास असेल तर मात्र नेहमीची उशीच घ्या.

गादी: १८० बाय १२० सेंमीची, १० सेंमी जाडीची फोमची गादी २१६ लिटर जागा घेते. ती एकटीच आमच्या खोक्यापेक्षा मोठी! म्हणून गादी ठेवायचीच नाही. फोमचे तीन तुकडे करून घ्यायचे, दिवसा ते बसायची सीट होतात आणि रात्री जोडले की गादी. गादीवाला तुमच्या मापाने कापून, वर चेन असलेलं कव्हर शिवून देतो.

पांघरूण: एका जाड रजईपेक्षा दोन पातळ थर जास्त कामाचे. कोकणात एप्रिल-मे महिन्यात एक चादर पुरते, डिसेंबरमध्ये घाटावर दोन्ही थर लागतात. इथे आपली गोधडी भारी ठरते. जुन्या साड्यांचे थर घट्ट टाके घालून शिवलेले असल्यामुळे तिच्यात हवा कमी, आणि ती तशीच सपाट घडी होते.

पायरी २: आता झिप करा

रजई जाड दिसते ती तिच्यातल्या हवेमुळे. ही अडकलेली हवाच आपल्याला ऊब देते आणि जागाही तीच खाते. व्हॅक्यूम बॅगमधून हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब रजईला दाबतो. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो, त्यामुळे बॅग विटेसारखी कडक होते.

आमच्या पॉलिस्टर रजया ७५ लिटरवरून ३० लिटरवर आल्या. आता हिशोब असा: दोन रजया ६० लिटर, गोधड्या २५ लिटर, एकूण ८५. म्हणजे २१० पैकी १२५ लिटर मोकळे!

पण सगळंच दाबायचं नसतं:

- पॉलिस्टर रजई: छान दबते, प्रवासापुरती दाबा.
- पिसांची रजई किंवा स्लीपिंग बॅग: सगळ्यात जास्त दबते. पण महिनोन्‌महिने दाबून ठेवली तर फुगण्याची ताकद कमी होते. घरी आल्यावर मोकळी ठेवा.
- कापसाची गादी: फारशी दबत नाही, जड असते आणि ओल धरते. गाडीत नकोच.
- गोधडी, सोलापुरी चादर: हवा कमीच असते, नुसती घट्ट गुंडाळी करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅगेत घातल्याने आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं.

कोणती बॅग घ्यायची?

घरचा व्हॅक्यूम क्लीनर साधारण १२०० वॉटचा धरला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्याला १०० अँपियर लागतील. छोट्या व्हॅनच्या इन्व्हर्टरला हे झेपणारं नाही. म्हणून प्रवासात दोन पर्याय:

१. गुंडाळून हवा काढायची बॅग: एका टोकाला एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. चेन बंद करा, दुसऱ्या टोकाकडून गुडघ्याने दाबत गुंडाळा. पंप नको, वीज नको. मी हीच वापरते.

२. यूएसबीवर चार्ज होणारा छोटा पंप: हवा जास्त चांगली निघते. पण पंप बिघडला तर परतीच्या वेळी रजई फुगलेलीच आणावी लागेल.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरून ठेवा. सकाळी फुगलेली दिसली तर चेनमध्ये धागा अडकला आहे का ते बघा.

आणि हो, महाबळेश्वरला पोहोचल्यावर बॅग थोडी सैल वाटली तर घाबरू नका. तिथे उंची साधारण १३५० मीटर, त्यामुळे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. घाटात चिप्सचं पाकीट फुगतं, तेच कारण. खाली उतरल्यावरही बॅग सैलच राहिली तर मात्र ती गळते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: ओल

झोपेत आपल्या श्वासातून आणि घामातून बरंच पाणी बाहेर पडतं. बंद गाडीत ते काचेवर दिसतं आणि अंथरुणात मुरतं. सकाळी उठून लगेच रजई हवाबंद केली तर ती ओल आतच कोंडली जाते. दोन-चार दिवसांनी कुबट वास, मग काळे ठिपके. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना बुरशीचा खरंच त्रास होऊ शकतो, त्यामुळे हा भाग सोडू नका.

कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल सहज धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून दमट हवेत वरचं पांघरूण पॉलिस्टरचं असेल तर ते लवकर वाळतं.

माझी रोजची पद्धत अशी:

१. उठल्यावर दोन्ही बाजूंची दारं-खिडक्या उघडायच्या, अंथरूण अर्धा तास पसरलेलं ठेवायचं.
२. ब्लूटूथ आर्द्रतामापक खोक्यात ठेवायचा. त्याचा आकडा फोनवर दिसतो.
३. आकडा ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅग हवाबंद करायची. ७० च्या वर असेल तर रजई सुती पिशवीत सैल ठेवायची.
४. पावसाळ्यात हवा सुकतच नाही. तेव्हा गाडी चालू असताना अंथरूण सीटवर पसरून एसी लावायचा. एसीच्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि गाडीखाली टपकतं, म्हणजे आतली हवा कोरडी होते. मग घडी घालायची.

सिलिका जेलच्या पुड्या खोक्यात ठेवल्या तर मदत होते, पण ओली रजई त्या वाळवू शकत नाहीत.

या जागा रिकाम्याच ठेवा

- मागच्या काचेसमोर ढीग नको, आरशात मागचं दिसलं पाहिजे.
- बॅटरी आणि इन्व्हर्टरवर पांघरूण ठेवू नका, त्यांना हवा लागते.
- शेगडीजवळ पॉलिस्टर अजिबात नको.
- दाराची वाट मोकळी ठेवा, रात्री घाईत बाहेर पडावं लागू शकतं.
- कडक झालेली बॅग वरच्या फळीवर मोकळी ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर ती डोक्यावर येईल.

थोडक्यात

आधी खोका मोजा. उशी आणि गादी यांना दुसरं काम द्या. उरलेलं दाबा, पण कोरडं करूनच. जागा थोडी कमी वाचली तरी चालेल, रात्री कोरड्या पांघरुणात झोपायला मिळालं पाहिजे. पुढच्या ट्रिपच्या आदल्या दिवशी टेप घेऊन दहा मिनिटं काढा, तुमच्या गाडीचा हिशोब तुम्हाला लगेच कळेल.