दांडीच्या किनाऱ्यावरील पाण्याचा हक्क

पिण्याच्या पाण्याची व्यवस्था सरकारने ठेवावी की खाजगी कंपनीच्या हवाली करावी, या वादाला शहरांतील सभांत जे तीव्र रूप येते, ते पालघर तालुक्यातील दांडीसारख्या मच्छीमार गावी येत नाही. कारण जेथे उपसा वाढला की विहिरीत समुद्राचे खारे पाणी शिरून ती मचूळ होते, तेथे मालकापेक्षा वाटपाचा क्रम अधिक निकडीचा असतो.

खाजगी हातातील पाणी म्हणजे नफ्याचे पाणी, हे समीकरणही अलीकडचे आहे. मुंबईत धोबी तलावाची दुरुस्ती फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी पदरचा पैसा खर्चून केली, आणि अशा दात्यांचा मोबदला पुण्य व लौकिक एवढाच असे. परंतु खाजगी हक्काचे दुसरे, कठोर रूपही होते: १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाणी प्राशन केल्यानंतर तळे खाजगी असल्याचा दावा लावून अस्पृश्यांना तेथून दूर ठेवण्याची खटपट झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये ती फेटाळली. पाणी नगरपालिकेचे ठरल्यानेच ते सर्वांचे ठरू शकले, हे सार्वजनिक मालकीच्या पारड्यात निःसंशय टाकावे लागेल.

तथापि सरकारी व्यवस्था म्हणजे न्याय, असेही म्हणवत नाही. १८६० मध्ये विहार आणि १८९२ मध्ये तानसा ही जलाशये मुंबईसाठी बांधली गेली, तेव्हापासून ठाणे जिल्ह्याने शहराची तहान भागवावी, ही वहिवाट पडली, आणि तिचे दप्तर नेहमी सरकारी राहिले. (अंधेरीच्या के-पूर्व विभागात २००६ च्या सुमारास खाजगीकरणाचा घाट घातला गेला, तो नागरिकांच्या विरोधामुळे बारगळला, हेही खरे.)

१९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ बोईसरला कारखान्यांची वसाहत घेऊन आले, तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, आणि सूर्या नदीचे पाणी हा तालुक्याचा मोठा ऐवज बनला. ज्या किनाऱ्याजवळून कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, त्या तारापूरला २०१८ च्या केंद्रीय मूल्यांकनात ९३.६९ गुण पडले. हे गुण प्रदूषणाचे असल्याने देशात पहिला क्रमांक मिळूनही अभिमानास जागा नव्हती. खाजगी कारखान्यांनी केलेल्या मलिनतेवर देखरेखीचा अधिकार सरकारचा होता, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.

सूर्येवरील धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा मुळात आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी होते. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्येचे प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर या दोन महापालिकांकडे नेण्याची योजना आखली, त्यांपैकी १८५ पहिलीस व २१८ दुसरीस. कालव्याखालच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, आणि त्या विरोधाचा रोख सरकारी योजनेवरच होता.