हिंगोलीचा हरीसिंग आणि उजवीकडचा चोर

निजामाच्या राज्यात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. इंग्रज अधिकारीही त्याच्याकडून माल घेत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी रीतसर परवाना मिळवला. ज्या व्यापाऱ्याचा तो माल होता, त्याचा व त्याच्या माणसांचा वाटेतच खून करून, त्याच परवान्यावर त्याने ते कापड छावणीत आणले आणि उजळ माथ्याने विकले. पकडला गेल्यावर त्याने स्वतः हे सांगितले, तेही एखादा विनोद सांगावा तसे. मेडोज टेलर या निजामाच्या सेवेतील अधिकाऱ्याने ही हकीकत नमूद केली आहे. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका ओहोळाच्या कोरड्या पात्रातून प्रेते उकरली जात असताना टेलर तेथे हजर होता. जागा दाखवत होते ते माफीचे साक्षीदार, अगदी निर्विकारपणे.

हे माफीचे साक्षीदार म्हणजे ठगांविरुद्धच्या साऱ्या मोहिमेचा कणा. कर्नल स्लीमन यांनी १८३० साली कलकत्त्याच्या एका साहित्यपत्रात निनावी पत्र लिहून या प्रकरणाला वाचा फोडली, आणि सरकारपेक्षा आधी वाचकवर्ग खवळला. खटल्यांचा धडाका सुरू झाला. टेलरने दिलेल्या तक्त्यानुसार १८३१ ते १८३७ या काळात ४१२ जणांना फाशी झाली, तर ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. फासावर गेलेल्यांपेक्षा माफी मिळालेल्यांची संख्या मोठी! पण ही दया नव्हे. हा सौदा होता. दुसऱ्याची मान जितकी अडकवाल, तितकी तुमची सुटेल. सुटका म्हणावी तर तीही नाही. हे लोक जन्मभर जबलपूरला नजरकैदेतच राहिले. अशा माणसांच्या तोंडून जे निघाले, त्यात सत्य किती आणि जीव वाचवण्याची धडपड किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहेत. टेलरने १८३९ साली याच सामग्रीवर कादंबरी लिहिली व तिला ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ असे नाव दिले. आपण कॅथलिक मंडळी पापनिवेदनासाठी जो शब्द वापरतो तोच हा, म्हणून तो अधिकच खटकतो. प्रायश्चित्त संस्कारात मनुष्य स्वतःचे पाप सांगतो. शेजाऱ्याचे सांगू लागला तर धर्मगुरू त्याला थांबवतात.

लूकच्या शुभवर्तमानातील उजवीकडचा चोर आठवावा. आपल्याला योग्यच शिक्षा मिळाली आहे, असे तो कबूल करतो. साथीदारांची नावे सांगून क्रूसावरून उतरण्याची अट तो घालत नाही. मागतो ते एवढेच, की आपली आठवण ठेवावी. शिक्षा टळत नाही, आणि तरीही त्याला नंदनवन मिळते.

शिक्षा झालेल्या अनेक ठगांच्या कपाळावर ‘ठग’ हा शब्द गोंदला जात असे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर काइनावरही खूण करतो. परंतु ती त्याला कोणी ठार मारू नये म्हणून. कंपनी सरकारची खूण याच्या नेमकी उलट होती. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर प्रत्यक्ष खून सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. कायदा होण्यापूर्वी वा नंतर, केव्हाही ठगांच्या टोळीत असल्याचे शाबीत झाले की जन्मठेप. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणांपैकी आहे, हा प्रश्न मोठा झाला. याच मनोवृत्तीतून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि गावोगावच्या भटक्या कुटुंबांची मुले जन्मतःच संशयित ठरली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तरी आपल्या मराठवाड्यात कोठे चोरी झाली की लोकांचे पाय आधी कोणत्या पालाकडे वळतात, हे वाचकांना ठाऊक आहे.

याच हिंगोली जिल्ह्यात नरसी हे संत नामदेवांचे गाव आहे. त्यांच्याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. पुष्कळ अभ्यासक ती मानत नाहीत. ती म्हणते, नामदेव पूर्वी वाटमारी करीत आणि त्यांनी चौऱ्याऐंशी स्वारांना मारले होते. औंढ्याच्या देवळात एक बाई भुकेल्या पोराला रागावत होती. चौकशी करता कळले, की तिचा नवरा त्या स्वारांतलाच एक. ते ऐकून नामदेवांचे हृदय फाटले. येथे न्यायाधीश नाही, साक्षीदार नाही, बघ्यांची गर्दी नाही. आहे ती फक्त त्या विधवेची व्यथा, मारणाऱ्याच्या समोर.

हरीसिंगाने मारलेल्या त्या कापडव्यापाऱ्याचे नावही टेलरने दिलेले नाही. तो हिंगोलीजवळच्या एका गावचा होता, एवढेच तो लिहितो.