‘रामकृष्णहरि’ मंत्राचा इतिहास

आपल्या घरोघरी भजनाचा आरंभ ज्या मंत्राने होतो, तो ‘रामकृष्णहरि’ हा षडक्षरी मंत्र सर्वांस इतका परिचित आहे की, त्यामागे काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो इतिहास प्रत्येक ज्ञातीने मनन करावा अशा योग्यतेचा आहे.

पूर्वकाळी मंत्र म्हटला की अधिकाराचा प्रश्न आलाच. वेदमंत्रास उपनयनाची अट होती. त्यामुळे स्त्रिया व शूद्र गणले गेलेले वर्ग त्यास पारखे झाले. दीक्षामंत्र गुरूने शिष्याच्या कानात सांगावा व शिष्याने तो गुप्त राखावा, असा दंडक होता.

सतराव्या शतकात श्रीतुकाराममहाराजांस बाबाजी चैतन्य यांजकडून स्वप्नात मंत्रोपदेश झाला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार हा त्याचा दिवस आणि राघव चैतन्य, केशव चैतन्य ही त्यामागील परंपरा महाराजांनी स्वतःच अभंगात नमूद केली आहे. एवढेच नव्हे, तर आपला गुरुमंत्रही त्यांनी तेथेच उघड सांगून टाकला. कानातील मंत्र अशा रीतीने टाळमृदंगाच्या गजरात आला. त्यास ना न्यास, ना होम, ना सोवळे. वाणी असली म्हणजे पुरे.

तथापि हे औदार्य समाजाच्या पचनी सहज पडले नाही. देवगावच्या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या संत बहिणाबाई कोल्हापुरी असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. पुढे तुकोबांनीच त्यांस स्वप्नात उपदेश केला. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्राचा अनुग्रह घेतला म्हणून पतीने त्यांस मारहाण केली, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत निःसंकोचपणे सांगितले आहे. त्यांनी मंत्र सोडला नाही. अखेर पतीचेच मन पालटले व ते कुटुंब देहूस तुकोबांच्या दर्शनास गेले. बहिणाबाईंचा देहान्त इ.स. १७०० मध्ये झाला. शिऊर येथे त्यांची समाधि आहे.

त्याच कोल्हापुरात, इ.स. १८९९ मध्ये, पंचगंगेवर स्नानास गेलेल्या शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघडकीस आले. त्यातून वेदोक्ताचा वाद पेटला व इ.स. १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचे इनाम जप्त केले. ज्या मंत्रावर अधिकाराचे कुलूप होते, तो राजासही सुलभ नव्हता. आणि जो तुकोबांनी खुला केला, तो मोटेवरचा कुणबी व जात्यावरची माउली अडीचशे वर्षे निर्वेधपणे उच्चारीत आली होती!

ज्ञातिबंधुभगिनींनो, ज्ञातीची संस्था आपण परस्परांच्या साह्यार्थ चालवितो, ते उचितच आहे. परंतु ब्राह्मण गुरूकडून कुणब्याकडे आणि कुणब्याकडून ब्राह्मण स्त्रीकडे आलेला हा मंत्र मुखाने म्हणावयाचा आणि मनात ज्ञातिज्ञातींमधील भिंती जपावयाच्या, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. भजनास बसताना आपल्या मुलाबाळांस हा इतिहासही सांगावा, हीच विनंती.