सायंप्रार्थनेचे एकोणीस श्लोक

दिवेलागणीच्या वेळीं मुलांना देवापुढें बसविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तोंडानें काय म्हटलें जातें याकडे वडीलधाऱ्यांचें लक्ष असतें. मनांत काय चालतें याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. मींहि तीस वर्षें शाळेंत प्रार्थना सांगितली, आणि ती संपतांच पुष्कळदां छडी उचलली. तेव्हां या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मला नाहीं. पण एका प्रार्थनेचा थोडासा इतिहास मला ठाऊक आहे, तो श्रोत्यांपुढें ठेवतों.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस, ५४ पासून ७२ पर्यंत, स्थितप्रज्ञाचीं लक्षणें सांगणारे १९ श्लोक आहेत. गांधीजींनीं १९१५ सालीं अहमदाबादजवळ कोचरब येथें आश्रम काढला व १९१७ सालीं तो साबरमतीच्या कांठीं नेला. आश्रमाच्या सायंप्रार्थनेंत हे श्लोक म्हटले जात. भजनांची बाजू पंडित नारायण मोरेश्वर खरे सांभाळीत. हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. ‘आश्रम भजनावली’ त्यांनींच जुळविली, आणि १९३० च्या दांडीयात्रेंत ते भजनें गात गांधीजींबरोबर चालले.

या १९ श्लोकांत देवाजवळ मागणें असें एकहि नाहीं, ही गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरां आली. पहिला श्लोक तर प्रश्नाचाच आहे. ज्याची बुद्धि स्थिर झाली तो मनुष्य बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असें अर्जुन विचारतो. दिवसभर बोलून, बसून, चालून आलेल्या माणसानें संध्याकाळीं हा प्रश्न ऐकावयाचा, आणि तोहि रोज! पुढील उत्तरांतहि लाडीगोडी नाहीं. विषयाचें चिंतन करीत राहिलें कीं त्याची ओढ लागते. ओढींतून इच्छा, इच्छेंतून क्रोध, क्रोधांतून मोह उपजतो. मोहानें स्मृति जाते, स्मृति गेली कीं बुद्धि जाते, आणि बुद्धीपाठोपाठ माणूसच जातो. रागावलेल्या माणसाचें इतकें नेमकें वर्णन मला दुसरीकडे वाचल्याचें आठवत नाहीं.

मनाला वळण लावण्याचे उपाय इतरत्रहि निघाले. फ्रान्सांतील नान्सी शहरीं एमिल कुए नांवाचे एक औषधविक्रेते होते. ते १९२६ सालीं वारले. आपण दिवसेंदिवस सुधारत आहों अशा अर्थाचें एक वाक्य सकाळीं व रात्रीं वीस वेळां म्हणावें, आणि मोजणी चुकूं नये म्हणून वीस गांठींची दोरी हातीं धरावी, असें ते रोग्यांना सांगत. हल्लीं ज्याला सकारात्मक विचार म्हणतात त्याचें हें एक मूळ. मला त्याची थट्टा करावयाची नाहीं. खचलेल्याला त्यानें धीर येत असेल. परंतु तेथें मनाला जें ऐकावेंसें वाटतें तें त्याला ऐकवितात, आणि या श्लोकांत जें नकोसें असतें तेंच ऐकवितात. दोहोंत माझा कौल कोणीकडे हें सांगावयास नकोच.

आतां हे श्लोक मराठींत कसे आले तें पाहूं. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई बडोद्यास गीतेवरील प्रवचनाला जात. संस्कृत त्यांना कळेना. मुलानें मराठी पद्यानुवाद आणून दिला, तोहि जड गेला. मग तूंच कां करीत नाहींस, असें त्यांनीं मुलाला विचारलें. त्या १९१८ सालीं वारल्या. ७ ऑक्टोबर १९३० रोजीं विनोबांनीं अनुवादास हात घातला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं तो पुरा केला. बारा वर्षांपूर्वीं गेलेल्या आईची आठवण ‘गीताई’ या नांवांतच राहिली आहे. तें पुस्तक १९३२ सालीं छापलें गेलें, आणि संस्कृत न येणाऱ्या कित्येक मराठी घरांत हे १९ श्लोक तिन्हीसांजेला ऐकूं येऊं लागले.

त्याच सालीं विनोबा धुळ्याच्या तुरुंगांत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारीं एक अध्याय याप्रमाणें, १८ रविवार त्यांनीं कैद्यांना गीता सांगितली. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते, आणि साने गुरुजी सर्व उतरून घेत होते. म्हणूनच ‘गीता-प्रवचनें’ आज आपल्या हातीं आहेत. ऐकणाऱ्यांपैकीं कोणाचें घर कर्त्या पुरुषावांचून उघडें पडलें असेल, कोणाचें मूल आजारी असेल. अशांना दुसऱ्याच रविवारीं स्थितप्रज्ञ सांगावयाचा, हें काम सोपें नव्हे! पुढें १९४४ सालीं सिवनीच्या तुरुंगांत विनोबांनीं केवळ या श्लोकांवरच व्याख्यानमाला गुंफली.

फाळणीनंतर दिल्लींत गांधीजींची सायंप्रार्थना उघड्यावर, सर्वांसमक्ष होई. तींत कुराणांतील आयतींचाहि पाठ असे. कोणी त्यास हरकत घेई, आणि कांहीं दिवशीं प्रार्थनाच थांबवून गांधीजी जमलेल्यांशीं बोलत. २० जानेवारी १९४८ रोजीं बिर्ला भवनांत प्रार्थनेच्या वेळींच जवळ बाँब फुटला. लोक गडबडले; गांधीजींनीं त्यांना शांत राहावयास सांगितलें व बोलणें पुढें चालविलें. दहा दिवसांनीं, ३० जानेवारीस, सरदार पटेलांशीं बोलतां बोलतां त्यांना प्रार्थनेस उशीर झाला. उशीर त्यांना मुळींच खपत नसे. ते झपाट्यानें निघाले. वाटेंतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रार्थनेला आलेले लोक तेथेंच होते.

सेवानिवृत्त झाल्यापासून मी रोज सायंकाळीं हे श्लोक म्हणतों. क्रोधाच्या श्लोकापाशीं आलों कीं कित्येकदां एक मुलगा डोळ्यांपुढें उभा राहतो. दुसऱ्या बांकावर, खिडकीपाशीं तो बसे. प्रार्थना आटोपून वर्गांत शिरतांच मीं त्याला फार मारलें होतें. त्याचा चेहरा मला अजून स्पष्ट दिसतो. त्याची चूक काय होती तें मात्र आठवत नाहीं.