मोटारीची आपोआप मिटणारी खिडकी

मोटारीच्या खिडकीची कांच खालींवर करावयाची म्हणजे पूर्वीं दारावरील दांडा हातानें फिरवावा लागे. हे श्रम ते किती! परंतु श्रीमंत गिऱ्हाइकाला तेवढेही पडूं नयेत अशी काळजी अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीस वाटली, आणि १९४० च्या सुमारास तिनें आपल्या उंची गाड्यांत दाबलेल्या तेलाच्या बळावर चालणाऱ्या खिडक्या बसविल्या. पुढें तेल व नळ्या जाऊन प्रत्येक दारांत एक लहानसें विजेचें यंत्र आलें, आणि राजेरजवाड्यांची ही चैन हळूहळू मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या गाडींत येऊन बसली.

जुन्या दांड्यांत एक गुण होता. कांचेखालीं कोणाचें बोट सांपडलें तर फिरविणाऱ्या हातालाच तें कळे. विजेच्या यंत्राला ही जाणीव नव्हती. त्यांत बटण बसविलें तें हात टेकावयाच्या कठड्यावर. त्याचें एक टोक दाबलें कीं कांच खालीं, दुसरें दाबलें कीं वर. आतां लहान मुलांची रीत कोणत्याही आईला विचारावी. गाडी उभी राहिली कीं मूल बैठकीवर चढतें, कठड्यावर गुडघा टेकतें आणि मान बाहेर काढून रस्त्यावरची गंमत पाहतें. गुडघा नेमका बटणाच्या त्या टोकावर पडला म्हणजे कांच वर येऊं लागे व मान कांच आणि चौकट यांच्यामध्यें सांपडे. मुलाला आपण कशानें अडकलों हेंही उमगत नसे. अशा रीतीनें मुलें दगावलीं, तीं पुष्कळदां आईबाप हांकेच्या अंतरावर असतांना.

अमेरिकन सरकारचा यासंबंधींचा ११८ क्रमांकाचा नियम १९७१ सालीं अमलांत आला. त्याचा मुख्य आधार किल्ली हा होता. किल्ली फिरवून ठेविलेली असेल तरच खिडकी मिटावी. वडील मंडळी उतरतांना किल्ली बरोबर नेतील हें त्यांत गृहीत होतें. प्रत्यक्षांत ‘दोन मिनिटांत येतों’ म्हणून किल्ली तशीच ठेवून जाणारीं माणसें कोठें नसतात?

पुढें दुरून खिडक्या मिटविण्याची युक्ति निघाली, तेव्हां १९९१ सालीं या नियमांत भर पडली. दूरचें बटण सतत दाबून धरलें असतांच खिडकी मिटावी, आणि तेंही सहा मीटरांच्या आंतून. मध्यें आडोसा असतां यंत्र चालतच नसेल तर अकरा मीटरांपर्यंत. यांत मिटविणाराची दृष्टि खिडकीवर असावी हा हेतु उघड आहे. ही मर्यादा नको असेल त्यानें वाटेंत अडथळा येतांच परत फिरणारी खिडकी द्यावी. तिची परीक्षा चार ते दोनशें मिलिमीटर जाडीच्या दांडक्यांनीं घेतात. दांडक्यावर शंभर न्यूटन, म्हणजे सुमारें दहा किलो वजनाइतका, दाब येण्यापूर्वींच कांच उलट फिरली पाहिजे. यंत्राची गति मंदावली कीं वाटेंत कांहीं आलें, असें तें ओळखतें. हाताला जें उपजत कळत होतें तें यंत्राला शिकवावयास अर्धें शतक लागलें!

माझ्या मतें खरा उपाय याहून पुष्कळ साधा होता. बटण वर ओढल्यावांचून कांच वर येऊं नये, इतकेंच. गुडघा दाबूं शकतो, ओढूं शकत नाहीं. २००४ च्या नियमानें, चाळीस मिलिमीटर व्यासाचा गोळा १३५ न्यूटन जोरानें बटणावर दाबला तरी खिडकी मिटूं नये, असें ठरविलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकन कायदेमंडळानें ओढावयाच्या बटणाची सक्ति केली. ती सर्व नव्या हलक्या गाड्यांना लागू होण्यास मात्र ऑक्टोबर २०१० उजाडला.

राहिला प्रश्न एका स्पर्शानें आपोआप मिटणाऱ्या खिडक्यांचा. युरोपांत अशी खिडकी अडथळा लागतांच परत फिरलीच पाहिजे. अमेरिकेंतही २००९ सालीं तसा प्रस्ताव निघाला होता. खर्चाच्या मानानें लाभ थोडा, असा हिशेब करून २०११ सालीं सरकारनें तो मागें घेतला. पुष्कळ कारखानदार अशी सोय आपण होऊन देतात. पण ती देणें न देणें त्यांच्या मर्जीवर राहिलें.