न्यू ऑर्लिन्सचा ‘प्रोफेसर’

संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दोन प्रकारची साधने उपलब्ध असतात. ध्वनिमुद्रिका, विक्रीचे आकडे, करारपत्रे ही पहिल्या प्रकारची. आणि पुढील पिढीच्या वादकांच्या बोटांत उतरलेला हात हे दुसऱ्या प्रकारचे. केवळ पहिल्या साधनांवर विसंबल्यास काही कलावंत अगदी सामान्य ठरतात. दुसऱ्याकडे दृष्टी वळविली की तेच एका परंपरेचे मूळपुरुष म्हणून पुढे येतात. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा पियानोवादक हेन्री रोलँड बर्ड, ज्यास रसिक ‘प्रोफेसर लाँगहेअर’ ह्या नावाने ओळखतात, तो ह्याच वर्गातला होय. त्याची कारकीर्द तीस वर्षांची. परंतु तिच्यात राष्ट्रव्यापी यश एकदाच आले, आणि मधली काही वर्षे तर ती जवळजवळ थांबलीच होती. ह्या विषमतेचा दोष पुष्कळदा त्याच्या विक्षिप्तपणावर टाकण्यात येतो. तो कितपत न्याय्य आहे, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

बर्डचा जन्म १९ डिसेंबर १९१८ रोजी लुइझियाना राज्यातील बोगालूसा ह्या गावी झाला. लहानपणीच तो न्यू ऑर्लिन्सला आला आणि रस्त्यावर पायांनी ताल धरून नाचत चार पैसे मिळवू लागला. पियानोचे रीतसर शिक्षण त्यास कधी मिळाले नाही. मोडक्या, काही पट्ट्या नादुरुस्त झालेल्या पियानोवर त्याने हात बसविला. टट्स वॉशिंग्टनसारख्या जुन्या वादकांचे वादन ऐकून आणि पाहून तो शिकला. तरुणपणी त्याचा मुख्य व्यवसाय संगीत नव्हताच. पत्ते हा होता. जुगारी म्हणून त्याने नाव कमावले होते, आणि पुढे वादनाने पोट भरेनासे झाले तेव्हा तो पुन्हा पत्त्यांकडेच वळला. पायांची नाचाची सवय मात्र सुटली नाही. वाजविताना तो पियानोच्या खालच्या फळीवर पायाने ठोके देई. मध्येच शीळ घाली, मध्येच आवाज फोडून गाई. पाहणाऱ्यास हे चाळे वाटत; पण पायाचा ठोका हा त्याच्या वादनातील तिसरा हातच होता.

त्याचे वैशिष्ट्य लयीत होते, आणि ती लय समजून घेतल्यावाचून त्याचे महत्त्व कळणार नाही. त्या काळच्या बूगी-वूगी वादनात डावा हात सरळ, अखंड धावत असे. बर्डने त्या हातात क्यूबाच्या रुंबा नृत्याची चाल आणली. आठ समान मात्रांचे ३-३-२ असे खंड पाडले की जो अडखळत पुढे झेपावणारा तोल निर्माण होतो, तो ह्या चालीचा गाभा होय. ठेका आणि खंड ह्यांचे नाते जाणणाऱ्या आमच्याकडील श्रोत्यास हे चटकन उमगेल. ह्या तोलावर त्याचा उजवा हात ब्लूजचे सूर एकमेकांवर घासत, तीन-तीन स्वरांच्या जलद लडी सोडीत फिरे. हे मिश्रण आकाशातून पडलेले नव्हते. न्यू ऑर्लिन्स हे बंदर. हवानाशी त्याचा व्यापार जुना. आणि तेथील काँगो स्क्वेअर ह्या मैदानात गुलामगिरीच्या काळी आफ्रिकी वंशाचे लोक रविवारी जमून नाचत, ढोल वाजवीत. शहराच्या हवेत जे विखुरलेले होते, ते बर्डने एका वाद्याच्या दोन हातांत गोळा केले.

१९४९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्याच वर्षी ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी योजलेले ‘रेस रेकॉर्ड्‌स’ हे नाव टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. कॅल्डोनिया इन नावाच्या मद्यगृहात डेव्ह बार्थोलोम्यूचा वाद्यवृंद विश्रांती घेत असता बर्ड पियानोवर बसला. लोकांनी ते असे उचलून धरले की मालक माइक टेसिटोर ह्याने पहिल्या वृंदास निरोप देऊन बर्डलाच कामावर ठेवले. त्याच्या वाढलेल्या केसांवरून ‘लाँगहेअर’ हे नाव टेसिटोरनेच दिले. ‘प्रोफेसर’ ही पदवी मात्र जुन्या परंपरेतली: त्या शहरातील कलावंतिणींच्या वस्तीत पियानो वाजविणारास असेच संबोधीत. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसास लोकांनी दिलेली ही पदवी पुढे अक्षरशः खरी ठरली.

दैवाचा खेळ असा की, ज्या बार्थोलोम्यूची जागा गेली, त्याने त्याच वर्षाअखेर फॅट्स डॉमिनो ह्या तरुणास घेऊन ‘द फॅट मॅन’ हे गीत मुद्रित केले आणि दोघेही जगप्रसिद्ध झाले. बर्डनेही १९४९ मध्येच ‘मार्डी ग्रा इन न्यू ऑर्लिन्स’ हे आपले गीत मुद्रित केले. पण ज्या लहान कंपनीसाठी ते केले, तिचा वादकांच्या संघटनेशी करार नव्हता, त्यामुळे मुद्रिकेचा मार्ग खुंटला. १९५० साली मर्क्युरी कंपनीने काढलेले ‘बाल्ड हेड’ हे गीत ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले. राष्ट्रीय यश म्हणावे ते एवढेच. १९५३ मध्ये अटलांटिक कंपनीसाठी ‘टिपिटिना’, १९५९ मध्ये ‘गो टु द मार्डी ग्रा’, १९६४ मध्ये अर्ल किंगने रचलेले ‘बिग चीफ’ ही गीते झाली. ह्यांतील शेवटची दोन उत्सवाच्या दिवसांत त्या शहरात दरवर्षी वाजतात. ‘बिग चीफ’ची गंमत अशी की, त्यातील कंठ आणि शीळ किंगची आहे, परंतु आरंभीचा पियानो ऐकताच लोक नाव घेतात ते लाँगहेअरचे.

ह्यानंतर मौन. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास त्यास पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. आता कामेही आटली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या शहराच्या संगीताचा एक कर्ता पुरुष एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात झाडलोट करीत होता. त्या दुकानात विकल्या जाणाऱ्या संगीतात त्याच्या हाताचा ठसा किती होता, हे गिऱ्हाइकांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

असे का व्हावे? त्याचा स्वभाव लहरी होता आणि जुगाराचा नाद होता, हे नाकारता येत नाही. गावोगाव दौरे करण्याची त्यास आवड नव्हती, आणि डॉमिनोचे यश दौऱ्यांवरच उभे होते. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. त्या काळी कृष्णवर्णीय वादकास बहुधा एकरकमी मोबदला देऊन मोकळे करीत. मुद्रिका खपली तरी त्याचा वाटा त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचे. दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे असताना प्रवास म्हणजे रोजचा अपमान होता. शिवाय त्याची लय विशिष्ट शहराच्या चालीशी, उत्सवाशी बांधलेली होती. ती सौम्य करून सर्वत्र विकता येईल अशी ज्यांनी केली, त्यांना बाजार मिळाला. विक्षिप्तपणा यशस्वी माणसाच्या ठायी असला की त्यास प्रतिभेचे लक्षण म्हणतात, आणि अयशस्वी माणसाच्या ठायी असला की अपयशाचे कारण. हा न्याय सोयीचा आहे, खरा नव्हे.

१९७१ मध्ये क्विंट डेव्हिस आणि ॲलिसन मायनर ह्या तरुण संयोजकांनी त्यास शोधून न्यू ऑर्लिन्सच्या जाझ अँड हेरिटेज महोत्सवात उभे केले. १९७३ मध्ये तो स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे वाजवून आला. १९७४ मध्ये त्याचे घर जळाले. तरी वादन थांबले नाही. १९७५ मध्ये पॉल मॅकार्टनीने ‘क्वीन मेरी’ जहाजावरील मेजवानीत त्यास बोलाविले. १९७७ मध्ये काही चाहत्यांनी मिळून, ह्या वृद्ध वादकास हक्काची जागा असावी म्हणून, ‘टिपिटिनाज’ हे संगीतगृह उघडले. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्याने ‘क्रॉफिश फिएस्टा’ हा संग्रह मुद्रित केला. त्यात गिटार वाजवावयास डॉक्टर जॉन हा त्याचाच प्रसिद्ध अनुयायी बसला होता. संग्रह बाजारात येत असतानाच, ३० जानेवारी १९८० रोजी, एकसष्टाव्या वर्षी बर्ड झोपेत वारला. त्या वेळी स्टीव्हन्सन पाल्फी एक चित्रपट करीत होता; टट्स वॉशिंग्टन, बर्ड आणि ॲलन टूसाँ ह्या तीन पिढ्यांनी एकत्र वाजवावयाचे ठरले होते. तालमी चित्रित झाल्या. प्रत्यक्ष कार्यक्रमाऐवजी अंत्ययात्रा चित्रित करावी लागली.

पुढचे सन्मान मरणोत्तर आहेत. १९७१-७२ मध्ये मुद्रित होऊन पडून राहिलेले त्याचे वादन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याची गणना झाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत ‘टिपिटिना’ घेतले.

ह्या सन्मानांनी इतिहासाची चूक सुधारली, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. झाडू हाती धरलेली वर्षे कोणतेही पारितोषिक परत देत नाही, आणि त्या वर्षांत जे वादन झाले असते ते कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. मात्र एक गोष्ट निश्चित. बाजाराने त्यास विसरले, त्या काळातही टूसाँ, ह्यूई स्मिथ, जेम्स बुकर, डॉक्टर जॉन ह्यांच्या हातांनी त्यास विसरले नव्हते. परंपरा टिकविण्याचे काम संस्थांच्या आधी माणसांनी केले. संस्था मागाहून आल्या. अध्यापनाचा आणि वाङ्मयसंवर्धनाचा व्यवसाय करणाऱ्या आम्हां सर्वांस ह्यातून घ्यावयाचा बोध असा की, गुणी माणूस हयात असता त्याचा पत्ता आपणांस ठाऊक असावा. गौरवग्रंथ मागाहून निघू शकतात. दार ठोठावण्याची वेळ मात्र निघून जाते.