'व्हाय यू हॅव चेंज्ड?' : इंग्रजी प्रश्नाची जुनी गोष्ट

२००५ सालची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात मोड्यूल लीड होतो आणि आमचा क्लायंट इंग्लंडातला. टीममध्ये जळगावकडचा एक मुलगा होता, कामाला एकदम पक्का. एका सकाळी बिल्ड मोडलेलं दिसलं म्हणून त्याने तिकडच्या माणसाला सरळ मेल टाकली : 'व्हाय यू हॅव चेंज्ड द बिल्ड स्क्रिप्ट?' सीसीमध्ये अर्धं जग. संध्याकाळपर्यंत तक्रार आली की तुमच्या माणसाचा 'टोन' बरा नाही. वर्षाअखेर त्याच्या अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन'पुढे खालचा आकडा पडला, ऑनसाईटची संधी दुसऱ्याला गेली. त्या कागदावर सही माझी होती.

आता 'तुम्ही बिल्ड स्क्रिप्ट का बदललीत?' हे मराठीत काही भांडण नाही. फार तर थोडं कोरडं वाटेल. त्याने शब्दाला शब्द ठेवून तेच इंग्रजीत लिहिलं. मग उद्धटपणा नेमका कुठून आला? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला आणि त्या नादाने थोडंफार वाचन झालं. ते इथे मांडतोय. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, पोटासाठी कोड लिहितो, तेव्हा सांभाळून घ्या :-)

पहिलं म्हणजे आपल्याकडे प्रश्न विचारायला वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. 'तो आला.' 'तो आला का?' झालं काम. 'का' लावा, 'ना' लावा, नाहीतर नुसता आवाज चढवा. 'काय', 'कुठे', 'कधी' हे शब्दही वाक्यात आपापल्या जागी गुमान बसतात, उडी मारून पुढे येत नाहीत. इंग्रजीत मात्र प्रश्न म्हटला की कर्ता आणि क्रियापदाची अदलाबदल, शिवाय कुठूनतरी एक 'डू' आणून घुसवायचा. तो 'डू' कुठून आला हे शाळेत कुणी सांगत नाही. 'डू, डझ, डिड'चे तक्ते पाठ केले, सुटलो.

तर गंमत अशी, की हा 'डू' इंग्रजीत मुळात नव्हताच. जुन्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे ठेवायचं, जर्मनमध्ये आजही करतात तसं. 'नो यू धिस मॅन?' 'व्हेअर ड्वेल यू?' असा थाट. पंधराव्या शतकापासून 'डू' हळूहळू प्रश्नांत शिरू लागला आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. एकच माणूस एका वाक्यात 'नो यू' म्हणायचा आणि पुढच्या वाक्यात 'डू यू नो'. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर जुनं एपीआय डेप्रिकेट झालं, पण काढून कुणी टाकलं नव्हतं.

हे सगळं मोजून काढलं ते आल्वार एलेगॉर्ड नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने. १९५३ साली त्याचं पुस्तक आलं, केवळ या 'डू'वर. कॉम्प्युटर नाही, सर्च नाही, आणि या माणसाने जुनी पुस्तकं, पत्रं, नाटकं चाळून हजारो वाक्यं हाताने मोजली. त्याच्या आलेखात नकारार्थी प्रश्न सगळ्यांच्या पुढे धावतात, साधे प्रश्न त्यांच्या मागे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधे प्रश्नही निम्म्याच्या आसपास 'डू'वाले झालेले दिसतात. आणि साध्या विधानांत तर 'डू' दहाएक टक्क्यांपर्यंत चढून परत खाली येतो! म्हणजे 'आय डू गो टू मार्केट' ही वाक्यं, ज्यांना आपण 'शिकाऊ इंग्रजी' म्हणून हसतो, ती एकेकाळी लंडनमध्ये बरी चालत होती. 'नो'सारखी रोजची काही क्रियापदं मात्र जुन्या वळणाला बराच काळ चिकटून राहिली. रोजच्या वापरातलं लवकर बदलत नाही, हे आपणही बघतोच.

'डू' का आला यावर अजून वाद आहे. काही म्हणतात शेजारच्या वेल्श आणि कॉर्निश भाषांत असाच 'डू' आहे, तिथून लागण झाली. जॉन मॅकव्होर्टरने २००८ च्या पुस्तकात हीच बाजू हिरीरीने मांडली आहे. बऱ्याच जणांना ती पटत नाही, कारण काळाचा मेळ नीट बसत नाही. दुसरं कारण असं देतात, की कर्त्या-कर्माच्या प्रत्ययांची इंग्रजीत पडझड झाल्यावर शब्दांचा क्रमच सगळं काम करू लागला. 'सॉ द किंग द बिशप?' यात कुणी कुणाला पाहिलं? 'डिड द किंग सी द बिशप?' म्हटलं की क्रियापद कर्माशेजारी राहतं आणि घोळ मिटतो. माझ्यासारख्या इंजिनियरला अर्थातच हे दुसरं जास्त आवडतं.

जुनं वळण पार मेलं मात्र नाही. 'हाऊ गोज इट?' अजून ऐकू येतं. आरोपीला गुन्हा कबूल आहे का हे विचारण्याच्या जुन्या इंग्रजी कोर्टी भाषेत 'हाऊ से यू' होतं. आणि 'हॅव यू अ पेन?' हे तर इंग्लंडात विसाव्या शतकातही चांगलं चालू होतं. माझे वडील तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी शिकलेले. ते अजून 'हॅव यू अ पेन?' असंच विचारतात. कॉलेजात असताना मी त्यांना 'डू यू हॅव' म्हणा म्हणून चारचौघांत दुरुस्त केलं होतं. ते काही बोलले नाहीत, पेन घेतलं आणि सही केली. त्यांचं चुकलं नव्हतं, फक्त त्यांची आवृत्ती जुनी होती. असो.

आता व्याकरणावरून वळू सभ्यतेकडे, कारण त्या मेलचं खरं दुखणं तिथे आहे.

इंग्रजीला एकेकाळी आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' होते. 'दाऊ' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. आधी हा फरक एकवचन-अनेकवचनाचा होता, नंतर फ्रेंचांच्या वळणाने मोठ्या माणसाला एकटा असला तरी 'यू' म्हणायची रीत पडली. आणि हे प्रकरण किती नाजूक होतं बघा. १६०३ च्या नोव्हेंबरात विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक भर कोर्टात त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हणाला, आणि वर मी तुला 'दाऊ' म्हणतोय हेही बजावून सांगितलं. आपल्याकडे एखाद्या सरदाराला भर दरबारात 'ए, तू रे' म्हटल्यासारखंच.

पुढे क्वेकर पंथाचे लोक आले. त्यांचं म्हणणं, देवापुढे सगळे सारखे, तेव्हा एका माणसाला 'दाऊ'च म्हणणार, मग तो न्यायाधीश असो की सरदार. त्यासाठी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. जॉर्ज फॉक्सने १६६० मध्ये साथीदारांबरोबर एक जाडजूड पुस्तक छापलं. कितीतरी भाषांतले दाखले देऊन त्यात एकच गोष्ट सांगितली आहे : एकाला एकवचन, अनेकांना अनेकवचन. विल्यम पेन (ज्याच्या नावाचं पेनसिल्व्हेनिया, म्हणजे खरं तर त्याच्या वडिलांच्या नावाचं) क्वेकर झाला तेव्हा त्याचे ॲडमिरल वडील हताश होऊन म्हणाले होते म्हणे, की जगाला 'दाऊ' म्हण, पण राजा, राजाचा भाऊ आणि मी, एवढे तिघे सोड. बापाचं दुःख समजण्यासारखं आहे. उद्या आमच्या घरात कुणी आजोबांना 'तू जेवलास का?' म्हटलं तर काय होईल ते सांगायला नको.

शेवटी 'दाऊ' गेला. यॉर्कशायरसारख्या भागांतल्या बोलीत उरला, बाकी सगळे 'यू'. म्हणजे इंग्रजीने सगळ्यांना बढती देऊन 'तुम्ही' केलं. मग मान द्यायचा कुठून? सर्वनाम तर सगळ्यांना एकच. माझा आपला अंदाज असा, की जे काम आपल्याकडे 'तू-तुम्ही-आपण' आणि 'कर-करा-करावे' यांच्यावर भागतं, त्यातलं बरंचसं इंग्रजीत प्रश्नाच्या बांधणीवर येऊन पडलं. 'ओपन द विंडो' हा हुकूम. 'कॅन यू', 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड'... जितकं काम मोठं आणि माणूस परका, तितकी शेपूट लांब. खिडकी तीच, बरं का.

यातलं 'वॉज वंडरिंग' मला फार दिवस कळायचं नाही. विचार आत्ता करतोयस, मग भूतकाळ कशाला? एकदा शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, 'तुझ्याकडे जरा काम होतं रे.' होतं! काम तर आत्ताच आहे. भूतकाळात ढकललं की समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. म्हणजे ही युक्ती आपल्याकडेही आहेच, फक्त इंग्रजीत ती वापरायची असते हे कुणी सांगितलेलं नव्हतं. 'वुड यू माइंड'ने तर आणखी फजिती. मी उत्साहाने 'यस, यस' म्हणायचो, म्हणजे अर्थ निघायचा 'हो, माझी हरकत आहे.'

आणि औपचारिक म्हणजे तरी काय? 'टू हूम डिड यू गिव्ह इट?' की 'हू डिड यू गिव्ह इट टू?' शब्दयोगी अव्यय शेवटी लटकू नये हा आग्रह कवी ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या चुका काढताना धरला. मग त्याला स्वतःच्याच जुन्या लिखाणात ते लटकलेले दिसले, तर पुढच्या आवृत्तीत बसून दुरुस्त केले! १७६२ मध्ये रॉबर्ट लोथने व्याकरण लिहिलं. पुढे बिशप झालेला हा गृहस्थ बराच समजूतदार. त्याचं म्हणणं इतकंच की बोलण्यात हे चालतं, गंभीर लेखनात टाळलेलं शोभतं. आणि हे सांगताना त्याने स्वतः अव्यय शेवटी लटकवलं, बहुधा मुद्दामच. त्याच्यावरून लिंडली मरेने १७९५ मध्ये यॉर्कच्या मुलींच्या शाळेसाठी पुस्तक केलं (हा मरेही क्वेकर!), ते अफाट खपलं आणि शाळाशाळांतून लोथची सौम्य सूचना कडक नियम बनली. इंग्रजी आपल्यापर्यंत आली ती अशाच पुस्तकांतून. त्यामुळे 'हूम' कुठे लावायचा ते आम्हाला पाठ, पण बिल्ड मोडल्यावर परक्या माणसाला कसं विचारायचं ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

त्या मुलाच्या वाक्यात मग दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. एक, 'यू हॅव'चा मराठी क्रम. आपल्याकडचे कितीतरी लोक 'व्हॉट यू आर डूइंग?' म्हणतात ते याचमुळे, आणि 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन' ही त्याचीच उलटी बाजू : अदलाबदल नको तिथे करायची. इंग्रजाला ही फक्त चूक दिसते. दुसरी गोष्ट जास्त घातक. व्याकरण दुरुस्त करून 'व्हाय हॅव यू चेंज्ड' लिहिलं असतं तरी ते जाब विचारल्यासारखंच वाटलं असतं. तिथे 'आय नोटिस्ड द स्क्रिप्ट हॅज चेंज्ड, वॉज देअर अ रीझन?' असं 'यू' गायब करून लिहितात. आपणही चिडलो नसू तर 'कप कुणी फोडला?' न म्हणता 'कप फुटला वाटतं' म्हणतोच की. हे मी त्याला तेव्हा पाच मिनिटांत सांगू शकलो असतो. पण मलाच माहीत नव्हतं, आणि 'टोन' हा शब्द मॅनेजरच्या तोंडून आला की मान डोलवायची, एवढंच तेव्हा कळत होतं.

मध्यंतरी त्याचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. तो आता बंगलोरला आहे, हाताखाली बरीच माणसं आहेत. बोलता बोलता मी त्या मेलचा विषय काढला, सहीबद्दल सॉरी म्हणालो. तो हसला. म्हणाला, 'सर, ते जाऊ द्या हो. पण ती स्क्रिप्ट का बदलली होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.'